शनिवारी पाना न लावता केलेलं काम

मामांच्या गॅरेजमध्ये शनिवारी इंजिन उघडत नाहीत. पंक्चर काढतील, ग्रीस मारतील, हॉर्न जोडून देतील, पण इंजिनाच्या नटाला पाना लावायचा नाही. मामा नगरला ज्या मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकले, त्यांनी घालून दिलेला हा नियम. मामांनी तो तीस वर्षं पाळला आहे. शाळेतल्या आमच्या सरांच्या गाडीचं काम आम्ही शनिवारी घेतलं ते या नियमामुळेच. त्या दिवशी गॅरेज रिकामं असतं, आणि या कामात उघडायचं काहीच नव्हतं. एक वायर आणि एक लॅपटॉप. मामा थोडा वेळ दाराशी उभे राहिले आणि मग म्हणाले, "पाना लागत न्हाई म्हंजी त्ये उघडनं न्हवं." एवढं बोलून त्यांनी शटर पूर्ण वर केलं.

हे सगळं मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. क्रमाने सांगते.

माझं गाव जामखेड तालुक्यात. आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. माझी शाळा बुडू नये म्हणून तिसरीत मला मिरजगावला मामांकडे ठेवलं, आणि मी तिथलीच झाले. आता नगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या दोन्ही घरांत मिळून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली.

याचा एक परिणाम असा झाला की घरात मला कोणी चुकलीस म्हणत नाही. अकरावीत असताना मी आईच्या औषधाची चिठ्ठी वाचून तिला सांगितलं, गोळी जेवणाआधी घे. ती जेवणानंतर घ्यायची होती. आईचं पोट आठवडाभर जळत राहिलं, पण ती काही बोलली नाही. मला ते कळलं तेव्हा मी रडले. ती म्हणाली, "तू वाचलंस म्हनल्यावर बरूबरच आसंल." मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मामांचं गॅरेज हायवेला लागून आहे. पिकअप, ट्रॅक्टर, जीप असलं काम. मामा इंजिन कानाने तपासतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. पण नवीन गाड्या आल्या तसा त्यांना स्कॅनर घ्यावा लागला, आणि स्कॅनरवर जे येतं ते इंग्रजीत. मग ते त्या पडद्याचा फोटो काढून मला पाठवायचे. मी वर्गात असले तर बाकाखाली फोन धरून मराठीत लिहून कळवायची, अमुक सेन्सरची वायर बघा. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. मामा गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या बाईनं सांगितलंय." मला हे आवडायचं. लपवण्यात अर्थ नाही.

सर म्हणजे आमचे विज्ञानाचे सर. मिशनच्या शाळेत ते स्वतः शिकले, मिरजगावच्या शाळेत त्यांनी शिकवलं आणि निवृत्त होऊन तिथेच राहिले. त्यांच्या पत्नी वारल्यापासून एकटे असतात. माझा इंजिनिअरिंगचा अर्ज त्यांनी भरला. आईवडिलांना त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून प्रवेशाच्या दिवशी माझ्याबरोबर एसटीने नगरला तेच आले आणि दुपारपर्यंत रांगेत उभे राहिले. त्यांचा मुलगा परदेशात असतो. जाताना तो त्याची गाडी वडिलांच्या अंगणात ठेवून गेला. दोन दारांची, बुटकी, निळी स्पोर्ट्स कार. त्या कंपनीच्या स्पोर्ट्स गाड्यांतलं सगळ्यात साधं, बेस मॉडेल. सर दर रविवारी ती चर्चला घेऊन जायचे आणि उरलेले दिवस धूळ पुसायचे. गावातली पोरं त्यांना म्हणायची, सर, ही गाडी रेसला न्या, चर्चला काय नेता. सर म्हणायचे, तिथेही वेळेवरच पोचावं लागतं.

गेल्या दसऱ्याला ते गाडी घेऊन गॅरेजवर आले आणि बाकड्यावर बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, मुलगा सांगायचा, या गाडीतलं इंजिन आणि हिच्याहून महाग गाडीतलं इंजिन एकच आहे, फक्त कॉम्प्युटरला कमी दे म्हणून सांगितलंय. ते बदलून घ्यायचं त्याच्या फार मनात होतं, पण राहून गेलं. आता चार वर्षांनी तो नाताळला येणार होता. मधल्या काळात दोघांचं बोलणं फारसं व्हायचं नाही. तब्येत कशी, पाऊस कसा, एवढंच. त्याला न सांगता हे करून ठेवावं आणि किल्ली हातात द्यावी, असं सरांना वाटत होतं.

कमी दे म्हणून सांगितलेलं इंजिन. हे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. का लिहिलं, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

मामा म्हणाले, कंपनीनं दिलंय त्येच बरं असतं, सर. पण मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरांनीही बघितलं.

"तुला जमेल ना, बाळ?"

"हो, सर."

खरं सांगायचं तर मी ते काम एकदाच पाहिलं होतं. कॉलेजमधल्या एका सीनियरने त्याच्या मित्राच्या गाडीचं रिमॅपिंग केलं, तेव्हा मी बॅटरी चार्जरचे चिमटे धरून उभी होते. हे मी सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही. नुसतं "हो" म्हणाले.

रिमॅपिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये आकड्यांची कोष्टकं असतात. इंजिन इतकं फिरतंय, पाय इतका दाबलाय, तर पेट्रोल इतकं सोड, ठिणगी या क्षणी पाड, टर्बोने हवा इतकी कोंब. या कोष्टकांना मॅप म्हणतात. आकडे बदलले की तेच इंजिन जास्त ताकद देतं. ते आकडे ठरवणं हे वर्षानुवर्षांचं शिक्षण आहे. तयार आकडे दुसऱ्याच्या फाईलमधून उचलून घालणं मात्र पाऊण तासाचं काम आहे. मी दुसरं केलं. फाईल सीनियरने पाठवली. म्हणाला, याच इंजिनाची आहे, बाहेरच्या देशात पुष्कळ गाड्यांत चालते. मी त्याला दोन प्रश्न विचारले. कोणत्या पेट्रोलवर चालते, हा तिसरा प्रश्न मला सुचला नाही.

त्या शनिवारी दिवाळीची सुट्टी होती. आईवडील दोन दिवसांपूर्वीच कारखान्यावर गेले होते. मामांनी गॅरेज झाडून घेतलं, गाडीच्या बोनेटला हळदकुंकू लावलं आणि कॅरेट पालथं घालून त्यावर माझा लॅपटॉप ठेवला. मी आधी मूळ फाईल वाचून घेतली आणि दोन पेन ड्राइव्हवर साठवली. त्यातला एक मामांनी देवाच्या फोटोमागे ठेवला. एवढी एक गोष्ट मी बरोबर केली. मग नवीन फाईल लिहायला लावली. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत होती. वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर जोडला होता, तरी मामा सारखे वरच्या पंख्याकडे बघत होते.

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

सर चालवायला बसले, मामा त्यांच्या शेजारी आणि मी मागच्या अरुंद सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन. हायवेला लागल्यावर मी म्हणाले, सर, आता पूर्ण दाबा. पाठ सीटला चिकटली. सर मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पुढे माळाचा चढ लागतो, तिथे त्यांनी पुन्हा दाबलं, आणि तेव्हा मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

डब्यात मूठभर हरभरे हलवावेत तसा बारीक आवाज होता. मला तो ऐकू आला होता की नाही, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. आला असावा. सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधीच पेटलं की पिस्टनवर हातोडी पडावी तसा मार बसतो, त्याला नॉकिंग म्हणतात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण माझ्या पडद्यावर नॉकिंगची रेघ शून्यावर होती. मी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, मामा."

मामा पुन्हा समोर बघायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी सरांना एकच विचारलं, पेट्रोल कुठलं भरलंय. सर म्हणाले, आपल्याच पंपावरचं, नेहमीचं. मामांनी तो प्रश्न खरं तर सरांना विचारला नव्हता, मला विचारला होता. मला ते समजलं नाही.

पाच आठवडे गाडी चालली. डिसेंबरच्या सुरुवातीला सर नगरला निघाले होते. चढावर गाडी थरथरली, ताकद गेली आणि मागे निळा धूर पसरला. गाडी पिकअपला बांधून मिरजगावला आणावी लागली. मामांनी मला फोन केला नाही. फोटो पाठवला. या वेळी स्कॅनरचा नव्हता. फडक्यावर ठेवलेल्या पिस्टनचा होता. त्याची कड उंदराने भाकरी कुरतडावी तशी तुटली होती.

त्या दिवशी मी वर्गात गेले नाही. वसतिगृहाच्या खोलीत दोन्ही फाईल्स शेजारी शेजारी उघडून एक एक आकडा ताडून पाहिला. ही गोष्ट मी दिवाळीत करायला हवी होती. ती फाईल ज्या पेट्रोलसाठी लिहिली होती ते आपल्या पंपांवर मिळत नाही. आपल्या पेट्रोलमध्ये उसापासून केलेलं इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि त्यामुळे ते थोडं जास्त सोडावं लागतं. फाईलला याची कल्पना नव्हती. पूर्ण पाय दाबला की इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं आणि ठिणगी घाईने पडत होती. ज्या उसाचं ते इथेनॉल होतं, तो ऊस माझे वडील तोडतात. कारखान्याच्या गेटमधून आत जाणाऱ्या उसाचं पुढे काय होतं, हे घरात फक्त मला माहीत होतं.

दुसरी गोष्ट खाली, कोणी सहसा उघडत नाही अशा कोष्टकात होती. नॉकिंग ऐकायला इंजिनावर एक सेन्सर असतो. फाईल बनवणाऱ्याने त्याचे आकडे असे बदलले होते की लहानसहान आवाजांकडे कॉम्प्युटरने लक्षच देऊ नये. म्हणून माझी रेघ शून्यावर होती.

दुपारच्या एसटीने मी मिरजगावला गेले. गॅरेजमध्ये मामा एकटेच होते. पिस्टन फडक्यावर तसाच होता, तिसऱ्या सिलिंडरचा. मी तो हातात घेतला. वाटला होता त्यापेक्षा फार हलका होता.

"मामा, तुम्हाला त्या दिवशी चढावर ऐकू आलं होतं?"

"आलं हुतं."

"मग बोलला का नाही?"

मामा रॉकेलमध्ये एक एक बोल्ट धूत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "तू ठीक हाय म्हनली ना. मला वाटलं, नव्या तऱ्हेची इंजिनं आशीच वाजत आसतील. तुजं शिक्षान हाय. मी मधी बोलून काय करू?"

मग मामांनीच पुढे सांगितलं. सरांना त्यांनी सकाळीच फोन केला होता. शनिवारी काम घ्यायला नको होतं, ते मी घेतलं, चूक माझी, असं त्यांना सांगून झालं होतं. आईलाही तसंच कळवलं होतं, आणि आईने उसाच्या फडातून फोन करून मामांनाच बोल लावला होता की शनिवार मोडलात. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू सरांकडं जाऊ नगं. तुज्या नावाला काय लागायला नगं. लोक इचारतील तर शनवार झाला म्हनायचं. लोकांना पटतंय त्ये."

ते लोकांना पटलं असतं. सरांनीही कदाचित स्वतःला पटवून घेतलं असतं, माझ्यासाठी. मी शटरपाशी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की मामांचा तीस वर्षांचा नियम त्यांनी माझ्यासाठी वाकवला होता आणि आता त्याच नियमाच्या आडोशाला मला उभं करत होते. मी तिथे उभी राहिले असते, तर पुढच्या वेळीही मामा गप्प बसले असते. मी पिस्टन फडक्यात गुंडाळला आणि सरांच्या घरी चालत गेले.

सर अंगणात बसले होते. गाडी असायची ती जागा रिकामी होती, तिथे टायरांच्या खुणा होत्या. मी पिस्टन त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, सर, शनिवारमुळे नाही झालं. माझी चूक आहे. मग मी घाईघाईत सगळंच एकदम बोलायला लागले. सरांनी हात वर केला.

"आधी निरीक्षण सांग. अनुमान नंतर."

प्रयोगाच्या तासाला ते असंच म्हणायचे. मी पहिल्यापासून सांगितलं. एकदाच पाहिलेलं काम, सीनियरची फाईल, न विचारलेला प्रश्न, शून्यावरची रेघ, मामांनी वळवलेली मान. शेवटी सरांनी पिस्टन उचलून तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मग त्या दिवशी हो का म्हणालीस?"

"तुम्हाला नाही म्हणायची मला सवय नव्हती, सर."

त्यांनी पिस्टन परत फडक्यावर ठेवला. मग म्हणाले, "वर्गात 'उत्तर येत नाही' म्हणणाऱ्याला मी तासभर उभं करायचो. तू कधी उभी राहिली नाहीस. मला वाटायचं, तुला सगळं येतं."

त्यांचं दुःख त्यांनी मला दाखवलं नाही. पण उठताना त्यांनी खुर्चीचा हात दोनदा चाचपला. आत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणला आणि विचारलं, नाताळपर्यंत गाडी उभी राहील का. मी तोंड उघडलं आणि थांबले. म्हणाले, "माहीत नाही, सर. मामांना विचारून सांगते."

खर्चाचं बोलणं मामा आणि सरांनी माझ्यासमोर केलं नाही, आणि मी विचारलं तेव्हा दोघांनीही विषय बदलला. पिस्टन पुण्याहून यायला दहा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत सरांनी मुलाला फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. मी भीत भीत विचारलं, त्यावर मुलगा काय म्हणाला. सर म्हणाले, त्याने पहिलं विचारलं, कितवा सिलिंडर.

नाताळच्या तीन दिवस आधी इंजिन परत बसवून झालं. मी देवाच्या फोटोमागचा पेन ड्राइव्ह काढला. त्यावर हळदीचा डाग पडला होता. मूळ फाईल परत लिहिली, कंपनीने जशी दिली होती तशी, कमी दे म्हणून सांगितलेली. पट्टी भरत असताना मामा या वेळी पंख्याकडे बघत नव्हते. हात पुसत माझ्या शेजारी उभे होते.

पुन्हा तोच रस्ता, तिघांच्या त्याच जागा. मी लॅपटॉप उघडला होता, पण माळाचा चढ आला तेव्हा मी तो मिटला.

"मामा, कसं वाजतंय?"

मामांनी डोळे मिटले. सरांनी पाय दाबला. गाडी पूर्वीसारखीच, जराशा सावकाशीने चढ चढायला लागली. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. वर पोचेपर्यंत मामा बोलले नाहीत, आणि मला वाटलं, ते या वेळीही बोलणार नाहीत.

"न्हाई," मामा म्हणाले. "सर, बाजूला घ्या. वाजतंय."

सरांनी गाडी कडेला घेतली. त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. मामा खाली उतरले, मीही उतरले. त्यांनी बोनेट उघडून खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढला, पण तो स्वतःच्या कानाला न लावता माझ्या हातात दिला. मी टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आत सगळं एका लयीत चाललं होतं. मी टोक सरकवत गेले, आणि सायलेन्सरच्या पाइपावरच्या उष्णता अडवणाऱ्या पत्र्यापाशी आल्यावर मलाही ऐकू आलं. पातळ, पत्र्याची थरथर. पत्र्याचा एक बोल्ट ढिला होता. तो बोल्ट मामांनीच बसवला होता.

"ह्यो माजा," मामा म्हणाले आणि ओशाळून सरांकडे बघितलं. सर हसले नाहीत, पण त्यांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

मामांनी मला दहाचा पाना दिला. पत्रा तापलेला होता, म्हणून फडकं धरून मी बोल्ट आवळला. वार कुठला होता ते कोणी बघितलं नाही. मग मामा म्हणाले, आता परत एकदा खालपासून घ्या, सर, आणि आम्ही पुन्हा चढाच्या पायथ्याशी गेलो.